डोंगरांमधला सूर्य आणि नानीचा चष्मा

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही मुलांना काहीच शिकवत नाही. कोरा कागद देतो आणि सांगतो, हवं ते काढा. पाऊण तासाने कागद गोळा केले की बहुतेकांवर तेच चित्र असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि एक वाकडं नारळाचं झाड. आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे चार पक्षी.

हे सोलापूर आहे. इथे उभं राहिलं तर चहूबाजूंना सपाट माळ दिसतो, डोंगर दिसत नाही. या मुलांच्या घराभोवती यंत्रमागाचे पत्र्याचे कारखाने आहेत, रंगवलेलं सूत वाळत घातलेले बांबू आहेत, कडुलिंब आहेत, सिद्धेश्वर तलाव आहे, भुईकोट किल्ल्याचे बुरूज आहेत. यातलं काहीही कागदावर येत नाही. डोंगरांमधला सूर्य कुणीतरी कधीतरी फळ्यावर काढून दाखवला, तो थोरल्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत गेला आणि मुलांनी त्यालाच ‘चित्र’ मानलं. त्याच्यापलीकडचं काही काढायला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, “टीचर, मेरे कू नै आता.”

हे वाक्य आम्हाला फार महाग पडलेलं आहे, म्हणून ते आधी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सहावीतल्या एका मुलीने बकरी काढली होती. बकरीचे पाय चार वेगवेगळ्या दिशांना गेले होते. आम्ही तिच्या हातातली पेन्सिल घेतली, तिच्याच कागदावर, तिच्याच रेषांवरून जाड रेषांनी पाय ‘नीट’ करून दिले आणि कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे पाहिलं. ती “शुक्रिया टीचर” म्हणाली आणि वही मिटून बसली. पुढचं सगळं वर्ष तिने चित्रकलेच्या तासाला फक्त समास आखले. आम्ही बी.एड. केलेलं, मानसशास्त्राच्या पेपरात बरे गुण मिळवलेले. पण मुलाच्या कागदावर आपली रेष ओढायची नसते, एवढं कुठल्या पेपराने शिकवलं नाही. बकरीचे पाय वाकडे होते हे खरं. पण ती बकरी त्या मुलीची होती, आणि आम्ही ती आमची करून टाकली. आता काही दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवतो आणि दाखवून झालं की तो चिठोरा खिशात घालतो.

मग सुरुवात कशाने करायची? आमच्या मुलांच्या हातात एक गोष्ट आधीपासून असते, तिच्यापासून आम्ही सुरू करतो. ती म्हणजे खत, अक्षर. घरातल्या जुन्या माणसांनी मुलतानी मातीने सारवलेल्या तख्तीवर बरूच्या कलमाने अलिफ-बे गिरवलेलं असतं. तिरक्या कापलेल्या बरूची टोक कागदावर टेकवली की चौकोनी, तिरपा ठिपका उमटतो. तोच नुक्ता. खत्तातीचं सगळं माप या नुक्त्यावर उभं आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अब्बासी खलिफांचा वजीर असलेल्या इब्न मुक्लाने अक्षरांची उंची-रुंदी नुक्त्यांनी मोजायची पद्धत बसवली. पुढे राजकारणात त्याचा उजवा हात तोडण्यात आला, तेव्हा त्याने दंडाला कलम बांधून लिहिलं असं सांगतात. आपल्या उर्दूच्या नस्तालीक लिपीत अलिफ तीन नुक्त्यांचा असतो. हे ऐकल्यावर मुलं आपल्या वहीतला अलिफ मोजायला लागतात, आणि इथेच अर्धं काम होतं. चित्रकलेत पहिल्यांदा शिकायचं ते हेच, की एका गोष्टीच्या मापाने दुसरी गोष्ट मोजायची. लोटा तांब्याच्या किती पट उंच, दांडी भांड्याच्या कितव्या हिश्शावर जोडलेली, हे नजरेला विचारायचं.

पहिले दोन रविवार पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी दप्तरातच राहतात. खोडरबर बाहेर असला की मूल चित्र काढत नाही, खोडतं. बरू किंवा जुना जाड ब्रश, पाण्यात कालवलेली शाई आणि रद्दी वर्तमानपत्र, एवढ्यावर नुक्ते, उभे अलिफ, नूनची वाटी, वावचं डोकं. शाई खोडता येत नाही, त्यामुळे चुकलेल्या रेषेसोबत पुढे जायची सवय लागते.

नुक्त्यावरून आम्ही मुलांना सय्यद हैदर रजा यांची गोष्ट सांगतो. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी वर्गात त्यांचं लक्ष लागत नसे. तेव्हा शिक्षकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. रजा पुढे नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९५० साली फ्रान्सला गेले. अनेक वर्षांनी, जगात नाव झाल्यावर, त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी तो काळा ठिपका परत आला आणि ‘बिंदू’ ही त्यांची ओळख झाली. लक्ष नसणाऱ्या मुलाला शिक्षक सहसा वर्गाबाहेर उभा करतो. त्या शिक्षकांनी त्याला बघायला काहीतरी दिलं.

आता तो प्रश्न, जो दरवर्षी दोन-तीन पालक दारात उभे राहून, थोडा आवाज खाली आणून विचारतात. “हे आपल्यात चालतं का?”

आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही, आणि हे आम्ही प्रत्येक पालकाला आधीच सांगतो. जानदार वस्तूंच्या तसवीरीबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत इब्न अब्बास (रजि.) यांचा प्रसंगही आहे. तसवीरी करून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला रसूलुल्लाह (स.) यांचा इशारा ऐकवला, तो माणूस घाबरून गेला. तेव्हा त्यांनी त्याला वाट दाखवली, की करायचंच असेल तर झाडं काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ. त्याचा हुनर त्यांनी काढून घेतला नाही, त्याला दिशा दिली. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हेही हदीसमध्ये आहे. उलेमांमध्ये या विषयावर मतभेद आहेत. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी सवलत मानतात, कोणी मानत नाहीत. त्यामुळे ज्या घराचा जसा मसलक, तसं त्या घराच्या मुलाचं काम. वर्गात एक मूल कबूतर काढत असतं आणि शेजारचं कबुतरखान्याची जाळी. आम्ही दोघांपैकी कोणालाही टोकत नाही, आणि मुलांनीही एकमेकांना टोकायचं नाही, एवढा एकच नियम आहे.

खरं सांगायचं तर जानदार गोष्टी बाजूला ठेवूनही काढण्यासारखं इतकं उरतं, की एका आयुष्यात संपत नाही. सोलापूरहून विजापूर साधारण १०० किलोमीटर. एका वर्षी मुलांना तिथे नेलं. गोलघुमटात सगळ्यांनी आवाज काढून घशाची वाट लावली, ती गोष्ट वेगळी. पण इब्राहिम रोजात गेल्यावर मुलं आपोआप गप्प झाली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचा हा मकबरा. तिथल्या भिंतींवर आयती कोरलेल्या आहेत आणि खिडक्यांच्या दगडी जाळ्याच अक्षरांच्या आहेत. अक्षरांच्या मधली जागा कोरून काढलेली, तिच्यातून उजेड आत येतो. आम्ही मुलांना सांगितलं, अक्षर काढू नका, उजेडाचे तुकडे काढा. वस्तू न काढता वस्तूभोवतीची रिकामी जागा काढणं हा जगभर नवशिक्यांना देतात तो धडा आहे, आणि तो का उपयोगी पडतो याचं कारण सोपं आहे. खुर्ची काढायला सांगितली की मूल डोक्यातली खुर्ची काढतं. खुर्चीच्या दोन पायांमधली हवा काढायला सांगितली की डोक्यात तिचं चित्रच नसतं, त्यामुळे समोर बघावंच लागतं.

समोर बघितलं की कोणाची कशात ताकद आहे ते उघड व्हायला लागतं. आठवीतला एक मुलगा होता. त्याच्या हाताला सरळ वर्तुळसुद्धा येत नव्हतं. गोल काढला की बटाटा व्हायचा, आणि वर्ग हसायचा. त्याचे अब्बू चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या कार्डांना भोकं पाडायचं काम करत. सोलापुरी चादरीवरची फुलं कशी येतात हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. आधी चौकटीच्या कागदावर नक्शा बनतो. आडव्या-उभ्या चौकटींत एकेक घर रंगवलेलं. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. मग त्या घरांप्रमाणे कार्डांना भोकं पाडतात. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या ल्योंच्या जाकार नावाच्या कारागिराने बसवलेली ही युक्ती. या मुलाला आम्ही एकदा सहज चौकटीची वही दिली. त्याने तासाभरात कडुलिंबाची डहाळी घराघरांत बसवली. पानाची वाकडी कड पायऱ्यापायऱ्यांनी कशी उतरवायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. अब्बूंच्या शेजारी बसून डोळ्यांनी शिकला होता. ज्या मुलाला वर्ग ‘बटाटा’ म्हणायचा, त्याच्याकडे पुढच्या रविवारी सात-आठ मुलं चौकटीची वही घेऊन गेली.

दुसरं उदाहरण एका अम्मीचं. मुलीला सोडायला यायच्या आणि भिंतीकडेला बसून राहायच्या. विडी वळायचं काम. आपल्या शहरात हजारो बायका ते करतात. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती याच कामगार बायकांची. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. एकदा आम्ही मुलांना रंगीत कागद कापून नक्षी करायला दिली होती. मुलीची कात्री अडखळत होती, तेव्हा अम्मींनी ती हातात घेतली आणि कागद फिरवत फिरवत आठ पाकळ्यांचं फूल एका दमात कापलं, आखणी न करता. ओल्या तेंदूपत्त्याला पत्र्याच्या मापाने वर्षानुवर्षं कापणाऱ्या हाताला कागद म्हणजे काय! आम्ही म्हटलं, आपा, पुढच्या रविवारपासून तुम्हीही मुलांमध्ये बसा. त्या हसून म्हणाल्या, “इस उमर में?”

तेव्हा आम्ही त्यांना के. एच. आरा यांच्याबद्दल सांगितलं. कृष्णाजी हौलाजी आरा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणी घरातून पळून मुंबईला आले, लोकांच्या घरी कामं केली, गाड्या धुतल्या, आणि ते करता करता रंगवायला लागले. पुढे हुसेन, रजा, सूझा यांच्याबरोबर १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. फुलदाण्या, फळं, भांडी अशी स्थिरचित्रं ही त्यांची खासियत. आपा पुढच्या रविवारी आल्या. सगळे रविवार येत नाहीत, मालाचा ताण असला की जमत नाही.

याच समूहातले मकबूल फिदा हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातले. १९१५ साली पंढरपुरात जन्मले. ते तान्हे असतानाच आई गेली. पुढे वडिलांबरोबर इंदूरला गेले, काही काळ बडोद्याला मदरशात शिकले आणि तिथे कूफी खताची गोडी लागली. मुंबईत आल्यावर सिनेमाची भलीमोठी पोस्टरं रंगवून पोट भरलं. हुसेन यांच्या काही चित्रांवरून मोठं वादळ झालं, त्यांच्या एका चित्रपटातल्या गाण्यावर आपल्या उलेमांनीही आक्षेप घेतला. शेवटी देश सोडावा लागला. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांचं सगळंच काम आम्ही वर्गात दाखवत नाही, आणि तसं पालकांना सांगतोही. पण एक गोष्ट दाखवतो. आईचा चेहरा आठवत नाही, ही खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. मदर तेरेसांवर त्यांनी कितीतरी चित्रं केली. त्यांत पांढरी साडी आहे, निळे काठ आहेत, लेकराला धरलेले हात आहेत. चेहऱ्याच्या जागी काही नाही.

रंगांविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण पालक दुकानात जाऊन चोवीस रंगांचा डबा उचलतात आणि पैसे वाया जातात. नवशिक्याला पोस्टर कलरच्या पाच बाटल्या पुरतात. पिवळा, लाल, निळा, विटकरी, आणि पांढरा मोठ्या बाटलीत. गोल ब्रश दोन, एक बारीक, एक जाड. जाड कागद. पाण्याचे डबे दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. हिरव्या आणि काळ्या बाटल्या आम्ही चक्क कपाटात कोंडून ठेवतो. तयार हिरवा हातात असला की मुलाला प्रत्येक झाड त्याच हिरव्याचं वाटतं. बाटली नसली की ते खिडकीशी जाऊन बघतं, की उन्हाळ्याच्या तोंडावर कडुलिंबाची कोवळी पालवी हिरवी नसतेच, तांबूस असते. मग पिवळ्यात निळा किती, विटकरी किती, याचा शोध सुरू होतो. निळ्यात विटकरी मिसळला की जो गडद रंग येतो तो बाटलीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी बरा. ज्या मुलाला रेष जमत नाही त्याला कधी कधी हा नेमका रंग जमतो. तसं मूल दिसलं की त्याला रेषेवरून छळू नये.

‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या सरकारी ग्रेड परीक्षांबद्दलही पालक विचारतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. जरूर बसवा. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांत आपली मुलं मागे पडायचं काही कारण नाही. फक्त त्या गुणांसाठी चार महिने एकच घडा आणि एकच केळं घोटून घेणारे क्लास आहेत, त्यांपासून मुलाला वाचवा.

शेवटची हकिगत मागच्या वर्षीची. सातवीतल्या एका मुलीची नानी रमजानच्या थोडं आधी गेली. नानीनेच तिला वाढवलेलं. दोन रविवार ती आली नाही, तिसऱ्या रविवारी आली आणि म्हणाली, नानीला काढायचं आहे. तिच्या घरचा मसलक आम्हाला माहीत होता. अब्बूंनी प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं, जानदार तसवीर नको. आम्ही तिला नाही म्हणालो नाही आणि हो म्हणायचाही आम्हाला हक्क नव्हता. आम्ही विचारलं, नानी कुठे बसायची? म्हणाली, खिडकीखाली, चटईवर. जवळ काय असायचं? ती आठवत आठवत सांगत गेली. पानदान. अडकित्ता. तस्बीह. पाण्याचा तांब्या. चष्मा. आम्ही म्हटलं, त्या सगळ्या वस्तू घरात असतील तर जशा असायच्या तशा मांड आणि समोर बसून काढ.

चार रविवार ते चित्र चाललं. घरून ती रोज थोडं थोडं बघून यायची. पानदानाचं झाकण तिला जमेना, लंबगोल तिरका जायचा. चिठोऱ्यावर दोनदा दाखवलं, पण तिने शेवटी आपल्याच पद्धतीने तिरकं ठेवलं. चटईचे पट्टे तिने न मोजता काढले आणि ते बरोबर आले. मधे जिथे नानी बसायची तिथे तिने काहीच काढलं नाही. फक्त चटई तेवढ्या भागात थोडी दबलेली, पट्टे जरासे खाली वाकलेले. हे तिला आम्ही सांगितलं नव्हतं. सुचलंही नसतं.

वर्षाच्या शेवटी भिंतीला दोऱ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सगळ्यांची चित्रं लावली. तिचे अब्बू आले, असरच्या आधी, घाईतच. बाकीची चित्रं बघत बघत तिच्या चित्रापाशी थांबले. वाकून जवळून पाहिलं. चष्म्याची एक काडी तुटलेली होती आणि तिथे काळा दोरा गुंडाळलेला होता.

“ये धागा मैं बांध्या था,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, हे घरी कधी न्यायला मिळेल. आम्ही म्हटलं, आजच न्या. त्यांनी चिमटे काढले, कागद गुंडाळायला लागले, आणि मुलगी ओरडली, “अब्बू, मोडो नको, रंग उखडता.” मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ते तसंच सपाट, जिन्यावरून आडवं करून खाली नेलं.